बाबा बोटीवर असतात तेव्हा

पालक महिनोन्‌महिने दूर असताना शाळेत हसतं-खेळतं असणारं मूल, पालक घरी आल्यावर मात्र बिनसतं. असं का होतं?

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनारपट्टीवर कितीतरी घरांतला कर्ता माणूस बोटीवर असतो. व्यापारी जहाजावर खलाशी, फिटर, कुक किंवा अधिकारी म्हणून तो रुजू होतो आणि चार, सहा, कधी नऊ महिन्यांनी घरी येतो. मागे राहिलेलं त्याचं आठ-नऊ वर्षांचं मूल या काळात मजेत दिसतं. मधल्या सुट्टीत लंगडी खेळतं, गॅदरिंगला नाचतं आणि कुणी विचारलं तर "बाबांची बोट आता ब्राझीलला लागलीय" असं ऐटीत सांगतं. वर्गशिक्षिका म्हणतात, "फार समजूतदार आहे हो. काही त्रासच नाही त्याचा."

मग बाबांचं साइन ऑफ होतं, म्हणजे जहाजावरची नोकरीची फेरी संपते. गाडी दारात येते, बॅगांमधून चॉकलेटं निघतात आणि हेच मूल आजीच्या पदराआड जाऊन उभं राहतं. दोन दिवसांत भाजी आवडीची नाही म्हणून ताट सरकवतं. बाबांनी "अभ्यासाला बस" म्हटलं, तर "आई सांगेल तेव्हा बसेन" असं तोडून टाकतं. दिवस मोजत घरी आलेल्या बापाच्या जिवाला ते लागतं. आईला कानकोंडं होतं. नातेवाईक "लाडावून ठेवलंय" म्हणून मोकळे होतात.

बाप दूर असताना हसणारं मूल तो जवळ आल्यावर का रुसतं? आणि त्याचं ते आधीचं हसू खरं होतं का?

हे प्रश्न एकट्या कोकणातल्या घरांचे नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या घरोघरचे लोक फौजेत आहेत. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या आगेमागे नवरा-बायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघतात, तेव्हा कित्येक शाळकरी पोरं आजीच्या हवाली होतात. गेल्या पाऊणशे वर्षांत बालमानसशास्त्राने या मुलांच्या मनात काय चालतं ते बरंच उलगडलं आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष पालकांना धीर देणारा आहे, तसाच सावध करणाराही. पालकाचं दूर असणं मूल बऱ्यापैकी पेलू शकतं. त्याला जड जातात त्या दोन गोष्टी: परतण्याची अनिश्चितता आणि त्या विषयावरचं घरातलं मौन.

नजरेआडचा माणूस मनात कसा राहतो

सहा महिन्यांच्या बाळासमोरचा खुळखुळा फडक्याखाली लपवला, तर ते सहसा शोधायला जात नाही. आठव्या-नवव्या महिन्यापासून मात्र ते फडकं ओढू लागतं. वस्तू दिसेनाशी झाली तरी ती असते, हे त्याला उमगलेलं असतं. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी बालबुद्धीतला हा टप्पा दाखवून दिला. आई दुसऱ्या खोलीत गेली की रडणारं बाळ याच वयातलं. आई नाहीशी झालेली नाही, ती कुठेतरी आहे आणि आपल्याजवळ नाही, एवढं त्याला कळू लागलेलं असतं.

पुढचा धागा जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने हाती घेतला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लाखो मुलं घरादाराला मुकली होती. जागतिक आरोग्य संघटनेसाठी बोल्बी यांनी १९५१ मध्ये त्या मुलांबद्दलचा अहवाल लिहिला आणि पुढे आयुष्यभर मूल आणि त्याला सांभाळणारं माणूस यांच्यातल्या बंधाचा अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की, रोजच्या अनुभवातून मूल मनाशी काही खूणगाठी बांधतं. रडलं की कुणीतरी येतं. गेलेलं माणूस परत येतं. आपण कुणाला तरी हवे आहोत. या खूणगाठी पक्क्या झाल्या की माणूस समोर नसतानाही मूल त्यांच्या बळावर खेळू शकतं, शिकू शकतं, अनोळखी ठिकाणी जाऊ शकतं.

वयानुसार यात मोठा फरक पडतो. तीन वर्षांच्या मुलाला 'उद्या' आणि 'पुढच्या महिन्यात' यांतलं अंतर नीट कळत नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल कॅलेंडरवर बोट ठेवून "सहामाही झाली, दिवाळी झाली, मग बाबा" असा हिशेब मांडू शकतं. म्हणून शाळकरी मूल आनंदात दिसतं, तेव्हा ते बाबांना विसरलेलं असतं असं मानायचं कारण नाही. बहुतेकदा बाबा त्याच्या मनात पक्के बसलेले असतात, म्हणूनच त्याला निर्धास्तपणे लंगडी खेळता येते.

सतरा महिन्यांची दोन मुलं

ही खूणगाठ टिकते कशावर, याचं फार बोलकं उत्तर जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या ब्रिटिश दांपत्याच्या माहितीपटांत मिळतं. त्या काळी मुलं रुग्णालयात किंवा संस्थेत राहिली की पहिले दिवस रडून मग 'रुळतात' असं डॉक्टर-परिचारिका मानत. जेम्स रॉबर्टसन यांनी कॅमेरा लावून दाखवलं की त्या रुळण्यात तीन पायऱ्या असतात. आधी मूल आकांत करतं, मग हताश होतं आणि शेवटी ज्याची वाट पाहिली त्याच्यापासूनच मनाने अलग होतं. गप्प झालेलं मूल बरं झालेलं नसतं.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी चित्रित केलेल्या मुलांमध्ये दोन मुलं सारख्याच वयाची होती. जेन आणि जॉन, दोघंही सतरा महिन्यांची. दोघांच्या आया बाळंतपणासाठी रुग्णालयात गेल्या होत्या. जेन दहा दिवस रॉबर्टसन यांच्याच घरी राहिली. जॉन नऊ दिवस एका निवासी शिशुगृहात राहिला.

शिशुगृहातल्या मुली वाईट नव्हत्या. त्यांच्या पाळ्या बदलत, कामं बदलत आणि कुठलंच मूल कुणा एकीचं नसे. जॉन सुरुवातीला एकेका परिचारिकेजवळ जाऊन उभा राहायचा. तिने उचलून घेतलं तरी थोड्याच वेळात तिला दुसऱ्या कामाला जावं लागे, नाहीतर अधिक दांडगं मूल मध्ये घुसे. हळूहळू त्याने माणसांकडे जाणं सोडलं आणि एका भल्यामोठ्या खेळण्यातल्या अस्वलाला बिलगून पडू लागला. नवव्या दिवशी आई न्यायला आली तेव्हा तो किंचाळला आणि तिच्याकडे पाठ फिरवली.

जेनच्या बाबतीत जॉइस रॉबर्टसन यांनी काही गोष्टी ठरवून केल्या होत्या. सांभाळणारी व्यक्ती सतत एकच राहिली. तिला ते घर आधीपासून ओळखीचं करून दिलं. घरची पांघरुणं-खेळणी सोबत ठेवली, जेवण-झोपेच्या वेळा घरच्यासारख्या पाळल्या. आईचं नाव आणि फोटो रोजच्या बोलण्यात राहू दिला. रॉबर्टसन यांनी अशी चार मुलं सांभाळली. कष्टी तीही झाली, पण मोडली नाहीत आणि आई आल्यावर तिच्याशी त्यांचं नातं पुन्हा जुळायला वेळ लागला नाही.

दोन्हीकडे ताटातूट सारखीच होती. फरक पडला तो आजूबाजूला उरलेल्या माणसांमुळे.

खांब काढला तरी छप्पर उभं राहतं

जुन्या कौलारू घराचा एक खांब वाळवीने खाल्ला की सुतार तो बदलतो. खांब काढण्याआधी तो तुळईखाली टेकू देतो. मग खांब निघाला तरी छप्पर जागचं हलत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला काही बदललंय असं वाटतही नाही. भार मात्र तेवढाच असतो, तो टेकूंवर गेलेला असतो.

पालक दूर असलेल्या हसऱ्या मुलाचं घर असंच टेकूंवर उभं असतं. हे टेकू कोणते, याचा प्रदीर्घ शोध मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी घेतला. हवाईतल्या कौआई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून प्रौढ वयापर्यंत पाठपुरावा केला. त्यांतली सुमारे एक तृतीयांश मुलं गरिबी, घरातले तंटे, पालकांचे आजार अशा अनेक अडचणींत वाढली होती. अशा अडचणीतल्या मुलांपैकीही दर तिघांतलं एक मूल कर्तबगार, आत्मविश्वास असलेलं, माणसांना जपणारं प्रौढ झालं. त्या मुलांच्या आयुष्यात एक गोष्ट वारंवार आढळली: लहानपणापासून किमान एका भरवशाच्या मोठ्या माणसाशी त्यांचा घट्ट बंध होता. ते माणूस आईबापच असायला हवं असं नव्हतं. आजी, मावशी, मोठं भावंड, शेजारीण, शिक्षक, कुणीही. शिवाय यांतल्या अनेक मुलांवर घरातली एखादी खरी जबाबदारी होती, जिच्यावाचून घराचं अडलं असतं.

पुढे ॲन मास्टन या अमेरिकी संशोधिकेने अशा अभ्यासांचा धांडोळा घेऊन लिहिलं की, मुलांचं संकटातून तगून जाणं हा कुठल्या असामान्य गुणाचा खेळ नाही. वेळेवर जेवण, ठरलेली झोप, कान देणारं माणूस, शाळेतली दोस्ती अशा अगदी साध्या गोष्टी शाबूत राहिल्या की बहुतेक मुलं तगतात.

कोकणातल्या बोटीवरच्या कुटुंबांकडे यांतलं बरंच काही असतं. आजी-आजोबा घरात असतात, काका-काकू पलीकडच्या वाडीत, शाळा तीच, सोबती तेच. सर्वांत मोठा भार अर्थातच आईवर येतो आणि तिची तब्येत व मन ठीक असणं हे मुलाच्या ठीक असण्याशी थेट जोडलेलं असतं. नॉर्वेत १९५० च्या दशकात खलाशांच्या मुलांचा अभ्यास झाला, तेव्हा वडील दीर्घकाळ समुद्रावर असलेल्या मुलग्यांना सोबत्यांशी जुळवून घ्यायला अधिक जड जात असल्याचं दिसलं. त्याच घरांतल्या आया चारचौघांपासून तुटलेल्या आणि मुलांना जरा जास्तच जपणाऱ्या होत्या. आईला माहेर, मैत्रिणी, बचतगट, भजनी मंडळ असं काहीतरी स्वतःचं असणं ही मुलासाठीही मोलाची गोष्ट आहे.

ऊसतोड मजुरांच्या घरी नेमके हेच टेकू कमी पडतात. तिथे आई आणि बाप दोघंही मिळून एक 'कोयता' म्हणून एकत्र जातात. कारण मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या नावावर असते. मागे राहते थकलेली आजी, जिला स्वतःलाच आधाराची गरज असते. दहा-अकरा वर्षांची मुलगी भाकऱ्या थापते, धाकट्याला आंघोळ घालते आणि मग शाळेत येते. वर्नर यांनी पाहिलेली जबाबदारी मुलाला बळ देणारी होती, कारण ती त्याच्या वयाला पेलणारी होती आणि तिच्यामागे कुणी मोठं उभं होतं. अख्खं घरच अंगावर पडलं तर तीच गोष्ट मुलाचं बालपण खाऊन टाकते. जिल्हा परिषदेच्या शाळांमार्फत चालवली जाणारी हंगामी वसतिगृहं म्हणून महत्त्वाची आहेत. दोन वेळचं जेवण मुलांपर्यंत पोचलं, तर चूल पेटवण्याचा भार त्या मुलीवरून उतरतो आणि मूल गावात, त्याच शाळेत टिकतं.

तारीख ठाऊक असली की

मुंबईच्या गिरण्यांत कामाला असलेल्या चाकरमान्यांची मुलं कोकणात पिढ्यान्‌पिढ्या बापावाचून वाढली. वर्षाचे बहुतेक महिने बाप लालबाग-परळच्या खोलीत आणि मूल गावी. तरी त्या मुलांना एक गोष्ट बिनचूक माहीत होती: गणपतीला बाबा येणार. शिमग्याला येणार, जमलं तर मे महिन्यात येणार. बापाचं येणं सणावारांशी बांधलेलं होतं आणि सण कुणी पुढे ढकलू शकत नाही. वाट पाहण्याला अशी कड असली की मूल वाट पाहू शकतं.

शरीराची रचनाच अशी आहे. १९७० च्या सुमारास जे वाइस या अमेरिकी संशोधकाने उंदरांवर प्रयोग केले. दोन गटांना विजेचे सारखेच झटके दिले. एका गटाला झटक्याआधी सूचना देणारा आवाज ऐकवला जाई, दुसऱ्या गटाला झटका केव्हाही बसे. वेदना सारखी होती. पण ज्यांना आधी काहीच कळत नव्हतं, त्या उंदरांच्या पोटात कितीतरी जास्त व्रण झाले. कारण सोपं आहे. आवाज नाही म्हणजे धोका नाही हे कळलं की शरीर सैल होऊ शकतं. काहीच कळत नसेल तर ते सदासर्वदा ताणलेलं राहतं.

माणसांच्या बाबतीत या अवस्थेला संशोधिका पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात नाव दिलं. मराठीत तिला 'संदिग्ध वियोग' म्हणता येईल. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांचा त्या अभ्यास करत होत्या. माणूस घरात नाही, पण गेला असंही म्हणता येत नाही. त्याची खुर्ची रिकामी ठेवायची की कुणी बसायचं? निर्णय कुणी घ्यायचे? अशा अधांतरी अवस्थेत घर थिजून जातं, असं त्यांना आढळलं.

खलाशांच्या घरांनी याचा अनुभव २०२० मध्ये घेतला. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार खलाशाला सलग बारा महिन्यांहून कमी काळच जहाजावर ठेवता येतं. कोविडमध्ये बंदरं आणि विमानं बंद झाली, माणसं बदलता येईनात. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरात सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकले होते, काही जण तर सतरा महिन्यांहून अधिक काळ. घरी मुलांना "पुढच्या महिन्यात" असं सांगितलं जाई आणि तो महिना आला की पुन्हा "पुढच्या महिन्यात". मराठवाड्यात २०२१-२२ चा गाळप हंगाम असाच लांबला. ऊस इतका होता की कारखाने जूनपर्यंत चालू राहिले. गुढीपाडव्याच्या आसपास येणारे आईबाप शाळा सुटून उन्हाळा सरत आला तरी फडातच होते.

म्हणून मुलाला सांगायची तारीख नेहमी खरी असावी. नक्की दिवस माहीत नसेल तर "पावसाळ्याआधी नाही, गणपतीच्या आसपास, नक्की कळलं की तुला आधी सांगीन" एवढं सांगितलं तरी मुलाला धरायला काहीतरी मिळतं. रडू नये म्हणून दिलेली खोटी तारीख मात्र त्याच्या खूणगाठीलाच सैल करते.

जाण्याआधी आणि आल्यावर

अमेरिकी नौदलातल्या अधिकाऱ्याची पत्नी असलेल्या कॅथलीन लोगन यांनी १९८७ मध्ये जहाजावर जाणाऱ्यांच्या कुटुंबांतल्या भावनांचे सात टप्पे मांडले. त्यांतला पहिला टप्पा जाण्याच्या चार ते सहा आठवडे आधी सुरू होतो आणि शेवटचा, परतल्यानंतर कित्येक आठवड्यांनी संपतो. निघण्याआधीच्या आठवड्यात घरात कारण नसताना खटके उडतात, बाप अंगणात गाडी धूत बसतो, आई कपाट आवरत बसते, मूल कुणाशी धड बोलत नाही. एकमेकांपासून थोडं आधीच सुटण्याची ही मनाची तयारी असते.

आता मूळ कोड्याकडे येऊ. परतल्यावरच्या रुसव्यामागे तीन गोष्टी असतात.

पहिली, दाबून ठेवलेलं वर येतं. बाबा नसताना रडायचं तर आई आणखी कष्टी होणार, म्हणून मूल आवरून धरतं. बाबा आले, आता धोका टळला. मग सहा महिन्यांची वाट पाहणं भाजीच्या ताटावर निघतं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी बाल्टिमोरमध्ये केलेल्या प्रसिद्ध प्रयोगात हे ओळखलं होतं. आई वर्षभराच्या बाळाला अनोळखी खोलीत काही मिनिटं सोडून जाते आणि परत येते. आई गेल्यावर बाळ किती रडतं यापेक्षा ती परतल्यावर ते काय करतं, यावर एन्सवर्थ यांचा भर होता. नात्याचा खरा अंदाज परतीच्या क्षणी येतो, असं त्यांना दिसलं होतं.

दुसरी, घराची घडी बदललेली असते. टीव्ही किती वाजता बंद करायचा, सही कुणाची घ्यायची, रात्री आईशेजारी कुणी झोपायचं, हे सगळं सहा महिन्यांत ठरून गेलेलं असतं. नवा खांब आला म्हणून सुतार सगळे टेकू एकदम ओढून काढत नाही. बापानेही आल्या आल्या शिस्तीचा ताबा घेतला, की मुलाला आपलं छप्पर हलल्यासारखं वाटतं.

तिसरी गोष्ट जरा वेगळी आहे. जॉर्ज बाख यांनी १९४६ मध्ये, वडील युद्धावर गेलेल्या सहा ते दहा वर्षांच्या अमेरिकी मुलांना बाहुल्यांशी खेळायला देऊन त्यांचं निरीक्षण केलं. या मुलांच्या खेळातला बाप अतिशय प्रेमळ होता, न रागावणारा. वडील घरीच असलेल्या मुलांच्या खेळातला बाप मात्र रागावतही होता. दूर असलेला बाप मुलाच्या मनात उजळत जातो. मग दारात येतो तो झोप न झालेला, बारीकसारीक गोष्टींवर चिडणारा, खराखुरा माणूस. मनातल्या बाबांची आणि समोरच्या बाबांची ओळख व्हायला दिवस लागतात. त्या दिवसांत बापाने मुलाच्या मागे न लागता, शाळेत सोडायला जाणं, सायकलचं पंक्चर काढणं, सोबत बाजारात जाणं असली साधी कामं हाती घेतली, तर ओळख लवकर पटते.

हसरा चेहरा आणि धडधडणारं काळीज

एन्सवर्थ यांच्या खोलीतली काही बाळं आई गेली तरी रडत नव्हती. ती आल्यावरही खेळण्यात मग्न राहत. पाहणाऱ्याला वाटे, किती शांत बाळ! १९७७ मध्ये ॲलन स्राउफ आणि एव्हरेट वॉटर्स यांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. वरून शांत दिसणाऱ्या त्या बाळांचे ठोकेही वाढलेले होते. १९९३ मध्ये जर्मन संशोधकांना अशाच बाळांच्या लाळेत कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक वाढलेलं आढळलं. त्यांना त्रास होत होता. तो दाखवून उपयोग नाही, एवढं ती शिकली होती.

शाळकरी मुलाच्या हसण्याबद्दल म्हणूनच दोन्ही शक्यता मनात ठेवाव्या लागतात. बऱ्याच मुलांचं हसू खरं असतं. ती रडतातही, बाबांवर रागावतातही आणि पुन्हा खेळायला पळतात. काही मुलांनी मात्र आनंदी राहण्याचं काम अंगावर घेतलेलं असतं. आईच्या चेहऱ्याकडे पाहून ती विनोद करतात, भांडत नाहीत, काही मागत नाहीत. "तू घरातला मोठा पुरुष आता" हे निघताना प्रेमाने म्हटलेलं वाक्य आठ वर्षांचा मुलगा शब्दशः घेतो.

फरक ओळखायला बारीक नजर लागते. मूल हसरं आहे, पण रोज शाळेच्या वेळी पोट दुखतं. झोपेत दचकतं. सुटलेली अंथरूण ओली करण्याची सवय परत येते. बाबांचं नाव निघालं की विषय बदलतं. मार्क एकाएकी घसरतात, किंवा एका मार्कासाठीही ते जिवाला लावून घेतं. यातलं काही आठवड्यांमागून आठवडे चालू राहिलं, तर समुपदेशकाला किंवा बालरोगतज्ज्ञाला भेटणं योग्य.

फोनवर काय बोलायचं

जहाजावर आता उपग्रहामार्फत इंटरनेट मिळतं, सीमेवरच्या जवानालाही बहुतेकदा फोन लावता येतो. तरी व्हिडिओ कॉलवर "काय केलंस आज?" "काही नाही." एवढ्यावर संभाषण संपतं आणि बाप खट्टू होतो. मुलाचा यात दोष नाही. या वयातली जवळीक एकत्र काहीतरी करण्यातून येते, नुसत्या चौकशीतून फारशी येत नाही. रोज गोष्टीचं एक पान वाचून दाखवणं, फोन समोर ठेवून चित्र काढणं, बुद्धिबळाची रोज एक चाल कळवणं, पाढे एकमेकांना म्हणून दाखवणं, यातलं काहीही चालतं. कॉल पाच मिनिटांचा असला तरी ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी यावा. नेटवर्क नसण्याचे दिवस आधीच सांगून ठेवावेत. निघण्याआधी बाबांनी स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या गोष्टी अशा दिवसांत कामी येतात.

चौकट : थोडक्यात
• शाळकरी मूल दूरच्या पालकाला विसरत नाही. पक्क्या नात्याच्या आणि आसपासच्या माणसांच्या आधारावर ते आनंदी राहू शकतं.
• घरात किमान एक भरवशाचं, न बदलणारं मोठं माणूस हवं. त्या माणसालाही विसावा आणि सोबत हवी.
• परतण्याची तारीख खरी सांगा. ठाऊक नसेल तर तसं सांगा.
• जाण्याआधीची चिडचिड आणि परतल्यावरचा रुसवा स्वाभाविक आहे. परतल्यावर काही आठवडे घरचे नियम आहेत तसे चालू द्या.
• मुलाला घरातली लहानशी खरी जबाबदारी द्या. 'घरातला कर्ता' मात्र बनवू नका.
• बाबांबद्दल रोज बोला. मूल रडलं, रागावलं तर त्याला तसं करू द्या.

शाळा काय करू शकते

पालक दूर असलेल्या मुलाचा जागेपणीचा मोठा वेळ शाळेत जातो आणि घरी न दिसणारं बरंच काही तिथे दिसतं. म्हणून वर्गशिक्षकांना मुलाच्या घरचं वेळापत्रक माहीत असणं फार उपयोगाचं आहे. बाबा कधी जाणार, कधी येणार, मध्ये मुलाची जबाबदारी कुणावर, हे तीन प्रश्न सत्राच्या सुरुवातीला विचारून हजेरीच्या वहीत टिपून ठेवले, तर निघण्याच्या आठवड्यात वही न आणणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभं केलं जाणार नाही. पालकसभेला आजी आली तर तिलाही पालकाचाच मान मिळावा आणि सूचना तिला समजेल अशा बोलीत सांगितली जावी. 'माझे बाबा' हा निबंध द्यायला हरकत नाही. बाबा दूर असलेल्या मुलांना तो लिहायला आवडतोही, फक्त रोज घरी असणाऱ्या बाबांच्याच कल्पनेवर तो बेतलेला नसावा.

ऊसतोडीच्या गावांत शिक्षकांचं काम दिवाळीच्या सुट्टीआधीच सुरू होतं. कोणती जोडी जाणार, मूल सोबत जाणार की मागे राहणार, मागे राहणार असेल तर जेवणाची सोय काय, याची यादी वेळेत झाली तरच हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत जातो. यादीला महिनाभर उशीर झाला की आई-बाप तोवर ट्रकमध्ये बसलेले असतात आणि सोय नाही म्हणून मूलही त्यांच्यासोबत फडावर गेलेलं असतं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बोलावून ही यादी पक्की करणं, हे त्या मुलांसाठी करण्यासारखं सर्वांत निकडीचं काम आहे.